आधी तू खा

मिरजेला जायची गाडी मळ्याच्या तोंडाशी उभी होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून थकला होता, आणि आत्याबाई अजून कुत्र्यांपाशीच होत्या. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी काठी टेकत एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवणं चाललेलं. सुभेदार, तांबडी, मैना, गुंड्या आणि चेंडू. पाच कुत्री, पाच साखळ्या, पाच जर्मनच्या ताटल्या. आमचे हे बॅग गाडीत टाकून मला डोळ्यांनी खुणावत होते, की उशीर होतोय, तूच काहीतरी बोल. मी कशाला बोलतेय? त्या घरात माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांनी सून म्हणून सख्ख्या भावाची मुलगी ठरवून ठेवलेली, जी त्यांना जन्मापासून आत्या म्हणत होती. मधेच यांनी माझ्याशी लग्न केलं. आता मी कोण कुठली उपटसुंभ येऊन त्यांना आत्या म्हणायला लागले, हे त्यांच्या घशाखाली कधी उतरलं नाही. नऊ वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. यांच्याशी बोलताना मी ‘ती’, समोर असले तर ‘हे बघ’. विट्याला आमच्या दोन खोल्यांत दोनदा आल्या, तर स्वतःचा डबा घेऊन आल्या आणि पाणीसुद्धा मळ्यातल्या विहिरीचं, बाटलीत भरून. माझ्या हातचा घोट घेतला नाही. मी ते पण गिळलं.

सणावाराला आम्ही मळ्यावर जायचो तेव्हा मला भांडी घासायची, अंगण झाडायचं, पण चुलीजवळ जायचं नाही. पुरुषांची पंगत उठली, पाहुणे जेवले, आत्याबाई जेवल्या, की मग मला हुकूम, “आधी कुत्र्यांना घाल, मग तू बस.” मी पाच ताटल्या भरायच्या, पाच साखळ्यांपाशी नेऊन ठेवायच्या आणि मागं फिरायचं. पुढचं त्या बघायच्या. मी तोवर आत खरकटी भांडी गोळा करत असायची. मग उरलंसुरलं माझ्या ताटात. दरवर्षी असंच, त्यात खंड नाही.

अशा बाईनं स्वतःची कुत्री माझ्यावर सोपवली, ती काही प्रेमानं नाही. गुडघ्याची वाटी बदलायचं ठरलं, आठ दिवस दवाखान्यात, यांना सोबत राहावं लागणार. लाडक्या भाचीला विचारलं, तर ती म्हणाली कुत्र्यांची घाण मी काढणार नाही. शेजारच्या मळ्यावरचा हैबती बागेला पाणी सोडायला तयार झाला, पण त्याला आठवडाभर बांधून घेता येत नव्हतं. उरलं कोण? मी.

आदल्या दिवशी हे मला म्हणाले होते, “एवढे आठ दिवस नीट काढ. कुत्री धड राहिली तर आई तुला मानेल बघ. मग इथंच येऊन राहू.” यांच्या सूतगिरणीचं काही खरं राहिलं नव्हतं, कधी टाळं लागेल सांगता येत नव्हतं. आटपाडीच्या पुढं माळावर डाळिंबाची पाच एकर बाग, बांधलेलं घर, आणि आम्ही विट्यात दोन खोल्यांत. मला ते घर पाहिजे होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ती बाईसुद्धा पाहिजे होती. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. कुणीतरी एकदा म्हणावं, कुंदा, ये, बस, एवढी साधी हाव होती मला.

तर आत्याबाईंनी एक पाय गाडीत टाकला आणि थांबल्या. मागं वळून माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखं माझ्या खांद्यावरून पलीकडे नाही, माझ्याकडे.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “आधी तू खा, मग त्यांना घाल. ध्यानात ठेव.”

गाडी गेली. धुरळा खाली बसला तरी मी तिथंच उभी. आधी तू खा. नऊ वर्षं मला कुत्र्यांच्या मागं जेवायला बसवणारी बाई जाता जाता म्हणून गेली, आधी तू खा. माझे डोळे भरून आले. वेडीच मी.

त्या दिवशी मी चूल पेटवली. त्या घरातली माझी पहिली चूल. ज्वारीच्या भाकरी थापल्या, दही घेतलं, जवसाची चटणी घेतली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ऐसपैस मांडी घालून पोटभर जेवले. सांगितलंय तसंच करायचं ना? मग हात धुतले, भाकरी ताकात कुस्करल्या आणि पाच ताटल्या भरून बाहेर नेल्या.

पाचही उठली. शेपट्या हलायला लागल्या, तोंडाला लाळ सुटली. मी ताटल्या ठेवल्या. एकानंही तोंड लावलं नाही. खाली अन्न, आणि पाचही माना वर, माझ्या तोंडाकडे. खा की, म्हटलं. चुचकारलं, नावानं हाका मारल्या. चेंडू सगळ्यांत लहान, तो ताटलीकडे वाकला, पण काहीतरी आठवल्यासारखा दचकून मागं सरला आणि अंग चोरून बसला. मला वाटलं, मालकीण गेली, सुतक धरलंय. मी असल्यावर लाजत असतील म्हणून आत जाऊन बसले. थोड्या वेळानं बघते तर ताटल्यांवर कावळे, आणि कुत्री नुसती बघतायत.

दुसऱ्या दिवशी दूध घातलं. अंडी फोडून घातली. गूळ चोळून बघितला. काही नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा कावळ्यांची चंगळ. कुत्र्यांची काळजी होती, नाही असं नाही, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आत्याबाई काय म्हणणार ते मला पाठ होतं. हिच्या हातचं माझी कुत्रीसुद्धा खाईनात. गावभर सांगत सुटतील. मग कसलं घर आणि कसलं काय.

तिसऱ्या दिवशी यांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं म्हणाले, मग म्हणाले, आई बोलतेय. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी फोनवर बोलत होत्या.

“खाल्लं का त्यांनी?”

“हो, खातात की,” मी म्हटलं.

त्यांनी हळूच विचारलं, “तुझ्या हातचं खाल्लं?”

“चाटूनपुसून.”

पलीकडे शांतता. इतका वेळ की मला वाटलं फोन कट झाला. मग यांचा आवाज आला, की आई दमलीय, ठेवतो. मनात म्हटलं, झोंबलं वाटतं म्हातारीला. लेकरं माझ्या हाताला लागली म्हणून झोंबलं. लेकरं इकडे तीन दिवसांची उपाशी, आणि मी त्या खोट्यावरच खूश.

चौथ्या दिवशी सकाळी हैबती आला. त्याला लेकीकडे जतला जायचं होतं, म्हणून पाण्याचं सांगायला आला होता. साठीचा माणूस, तोंडात एकही दात नाही. त्यानं वाळलेल्या ताटल्या बघितल्या, कुत्री बघितली आणि कपाळाला हात लावला.

“वैनी, चावून दाखवलं न्हाई व्हय?”

मला काही कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. तीन वर्षांमागं कुणीतरी कुंपणावरून मटणाचे तुकडे टाकले होते, विष घातलेले. एका रात्रीत तीन कुत्री गेली आणि मागोमाग विहिरीवरची मोटार गेली. एवढं मी ऐकून होते, पुढचं नाही. त्या दिवसापासून आत्याबाईंनी या पाचांना शिकवलं. आधी माणसानं त्यांच्यापुढं बसून तुकडा तोंडात घालायचा, चावायचा, गिळायचा. मग त्याच भाकरीचं त्यांना घालायचं. माणसाचं उष्टं असेल तरच शिवायचं. जो आधी तोंड लावेल त्याच्या नाकावर निरगुडीचा फोक. महिनाभर असा मार दिला त्यांनी, हैबती म्हणाला, की कुत्री ओरडायची ती त्याच्या मळ्यात ऐकू यायची. आता सोन्याचं ताट ठेवा, उष्टं नसलं तर हुंगणार नाहीत.

“मीच चावून दाखवलं असतं,” तो हसून म्हणाला, “पर मला दात कुठं हायती? बाईंनी सांगितलं न्हाई तुमास्नी?”

सांगितलं होतं. चांगलं स्पष्ट सांगितलं होतं. आधी तू खा, मग त्यांना घाल.

हैबती गेला आणि मी पायरीवर बसले. हसू यावं की रडू यावं कळेना. म्हणजे ते मला नव्हतंच. मी जेवावं म्हणून नव्हतं. अन्नात विष आहे का ते आधी माझ्या पोटात बघायचं आणि मग कुत्र्यांना घालायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी मेले तर कुत्री वाचतील. आणि मी त्या वाक्यावर तीन दिवस तरंगत होते. मनात त्यांच्याशी बोलत होते, त्यांच्यासाठी पापड लाटून ठेवायचे बेत करत होते. मला माझीच शिसारी आली.

मग मी उठले. आत जाऊन एक भाकरी घेतली आणि कुत्र्यांपुढं पाट टाकून बसले. पाचही पुढं सरकली, साखळ्या ताणल्या. मी तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला, सावकाश गिळला. अहाहा, काय त्यांचे डोळे चमकले. शेपट्या जमिनीवर बडवायला लागली, चेंडूला तर कापरंच भरलं. मी दुसरा तुकडा मोडला. तोही खाल्ला. मग तिसरा. अख्खी भाकरी मी त्यांच्यापुढं बसून एकटीनं खाल्ली, हातावरचे कण झटकले आणि आत गेले.

आधी तू खा म्हणाल्या होत्या ना? खाल्लं.

पाचव्या दिवशी दोन वेळा तसंच. सहाव्या दिवशी तसंच. पाणी देत होते, मरू देणार नाही असं स्वतःला सांगत होते. रात्री त्यांना बागेत मोकळं सोडायचं असायचं, ते बंद केलं, नाहीतर उंदीरघुशी मारून खाल्ल्या असत्या. गुंड्या पहिल्या दिवशी केकाटला, मग गप्प झाला. चेंडू माती चाटायचा. मैनेनं साखळी चावून हिरड्यांतून रक्त काढलं. तांबडी मी दिसले की पोटावर सरपटत यायची, माझ्या पायाशी नाक ठेवायची. आणि सुभेदार, सगळ्यांत म्हातारा, आत्याबाईंचा जीव की प्राण, तो फक्त नीट बसायचा. पुढचे दोन पाय जुळवून, शिकवल्यासारखा. मी एकेक घास खायची आणि तो बघायचा. एकदाही भुंकला नाही.

आणि मला बरं वाटत होतं. ते सांगायलाच तर बसलेय, नाहीतर कुत्र्यांची गोष्ट काय सांगायची. वेडबिड लागलं नव्हतं मला, भान सुटलं नव्हतं. थंड डोक्यानं भाकरी थापायची, थंड डोक्यानं जाऊन बसायची. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत दारात उभी राहिले, आता माझ्या तोंडाकडे बघणारं कुणीतरी होतं. भूक नसली तरी खायची. आत्याबाईंच्या नाकावर फोक मारता येत नव्हता, म्हणून त्यांच्या कुत्र्यांच्या पोटावर मारत होते. फोन आला की सांगायचं, मजेत आहेत सगळी.

सातव्या दिवशी दुपारी यांचा फोन आला. डॉक्टर उद्या सकाळीच सोडतायत, बारा वाजेपर्यंत पोचतो.

तेव्हा मी ताडकन उठले. दया आली म्हणून नाही हं, तो मोठेपणा मी घेणार नाही. घाबरले म्हणून. धावत जाऊन पंधरा भाकरी थापल्या. पाट टाकला, तुकडा चावला आणि बाकीची भाकरी मोडून ताटल्यांत टाकली. चौघं तुटून पडली. खाल्लं, ओकली, ओकलेलं पुन्हा खाल्लं. सुभेदारानं तुकडा तोंडात धरला, जरा वेळ तसाच धरून बसला, मग पुढच्या पायांवर ठेवला आणि डोकं त्याच्या शेजारी टेकलं. मी त्याचा जबडा उघडून दूध ओतलं, ते कडेनं बाहेर आलं. ओल्या फडक्यानं पाचांना पुसलं, अंगाला खोबरेल चोळलं. केस जरा चमकले तर बरगड्या झाकल्या जातील, असलं डोकं चालत होतं माझं.

आठव्या दिवशी बाराच्या सुमाराला गाडी आली. आत्याबाई वॉकर धरून उतरल्या आणि पहिल्यांदा कुत्र्यांकडेच गेल्या. चौघं त्यांच्या लुगड्याला झोंबली. सुभेदार पडल्या जागेवरून शेपटीचं टोक तेवढं हलवू शकला.

“वाळली गं,” त्या म्हणाल्या.

मी तयारच होते. म्हटलं, खात होती आत्याबाई, पण तुमच्यावाचून अंगी लागलं नाही. तुमची आठवण काढत होती. सुभेदारानं तर शेवटी शेवटी अन्नच सोडलं. माझा आवाज कापला, तो त्यांना दुःखानं कापला असं वाटलं असेल. त्यांनी मान हलवली, डोळ्यांना पदर लावला. मग ओसरीवरच्या बाजेवर यांनी त्यांना टेकवलं आणि त्या म्हणाल्या, “ये, हितं बस.”

मी खाली जमिनीवर बसले. त्यांनी बाज थोपटली. “खाली न्हाई. हितं.”

मी बसले.

“एक सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ तुला,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्यापुढं भाकरी चावून दाखवावी लागती. त्याबिगर शिवत न्हाईत. जाताना डोस्क्यातच न्हाई आलं. दुसरंच घोळत होतं ना डोस्क्यात.”

“दुसरं काय?” मी विचारलं.

“तूच की. दवाखान्यात जायचं म्हणलं की माणसाला मागचं सगळं आठवतं. परत येईन न येईन. नऊ वरसं तुला कुत्र्यांच्या मागनं जेवाय बसवली मी. म्हणलं, जाताना एवढं तरी बोलून जावं. म्हणून म्हणले, आधी तू खा.”

मी बाजेची दोरी नखानं उसवत राहिले.

“कुत्र्यांचं आठवलं ते आपरेशन झाल्यावर,” त्या सांगत होत्या. “जीव नुसता वरखाली झाला. म्हणलं, उपाशी मरतील बिचारी. तवाच फोन लावाय सांगितला. तर तू म्हणालीस, खात्यात, चाटूनपुसून. मला तर बोलायच सुधरंना. मारून मारून शिकवलेली कुत्री, माझ्या भावाच्या हातचं घेत न्हाईत, आन् हिच्या हातचं न चावता, न दाखवता खाल्लं. मुक्या जनावरांनी तीन दिवसांत वळखलं माणूस. मला नऊ वरसं लागली.” त्यांनी माझा हात हातात घेतला. “कुंदा, भूक लागलीया गं. वाढ मला. तुझ्या हातचं वाढ.”

मी उठले. आत जाऊन ताट वाढलं, कालच्या पंधरांतल्याच दोन भाकरी उरल्या होत्या त्या वाढल्या. ताजी थापते म्हटलं, तर हीच दे म्हणाल्या. त्या जेवल्या. माझ्या हातचं, पहिल्यांदा, शेवटच्या घासापर्यंत. हे दारात उभे राहून हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार गेला. यांनी बांधाच्या कडेला खड्डा खणला. आत्याबाईंना खुर्चीत बसवून तिथवर नेलं. त्या रडल्या नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, की मालकिणीसाठी अन्न सोडलं बघा त्यानं, सुनेनं जिवाचं रान केलं, म्हणून चार तरी राहिली. हे मी पुढं चौदा वर्षं ऐकलं, त्या जाईपर्यंत, त्याच घरात, त्याच चुलीपुढं. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा ऐकत होते. यांनी माती लोटायला सुरुवात केली आणि मला हुंदका फुटला. आवरेचना. मी खड्ड्याच्या काठावर खाली बसले आणि ओरडून रडायला लागले.

आत्याबाईंनी खुर्चीतून वाकून माझ्या पाठीवर हात ठेवला.

“उगी गं कुंदा,” त्या म्हणाल्या. “तू काय केलंस त्याला?”

मी उगी राहिले.